मांजर राहिलं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सासऱ्यांच्या स्मरणशक्तीची तपासणी झाली तेव्हा मी शेजारी बसून लबाडी केली, आधी तोंड न उघडता आणि मग तीन शब्दांत.

सासरे चिनी, पण जन्म पुण्यातला. स्वारगेटजवळ त्यांचं छोटं हॉटेल होतं. आता धायरीला आमच्याकडे असतात आणि दर रविवारी नूडल्स करतात. मध्यंतरी दोनदा गॅस पेटता ठेवून गच्चीत जाऊन बसले. बायकोने बजावलं, "पप्पांना दाखवून आणा. डॉक्टरांना शंका आली, तर स्वयंपाक बंद."

"मग मी करू काय, जावईबापू?" रिक्षात ते म्हणाले. "रोज तुमच्या हातचे पोहे खाऊ? त्यापेक्षा विसरलेलं बरं."

डॉक्टर तरुण होत्या. "आजोबा, एका मिनिटात आठवतील तेवढे प्राणी सांगा."

"उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन..."

"आजोबा, ड्रॅगन खरा नसतो."

"असं? तुम्ही कुठे कुठे बघितलात?" आणि पुढे सुटले, "साप, घोडा, मेंढी, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर!"

"ड्रॅगन सोडला तरी छान!" डॉक्टर खूश.

ते चिनी वर्षांचे बारा प्राणी होते, ठरलेल्या क्रमाने. आपण चैत्र, वैशाख म्हणतो तसे लहानपणी घोकलेले. खोलीत त्यांच्याखेरीज हे मला एकट्याला ठाऊक होतं.

"अजून वेळ आहे, आजोबा."

सासरे छताकडे बघत राहिले. "बाकीचे सुट्टीवर आहेत."

मांजर त्यांना आठवलं नाही. आमची मांजर दिवसभर त्यांच्याच मांडीवर झोपते. तिचे केस त्या वेळीही त्यांच्या पँटला चिकटलेले होते.

"घरी काही वेगळं जाणवतं का?" डॉक्टरांनी मला विचारलं.

मी त्या केसांकडे पाहिलं. रविवार आठवला.

"तसं काही नाही," मी म्हणालो.

घरी येताच सासऱ्यांनी लेकीला सांगितलं, "पास. डॉक्टर पोरगी बरी आहे, फक्त प्राण्यांचं ज्ञान कमी."

तेव्हापासून दर रविवारी मी कांद्याची पात चिरायच्या निमित्ताने ओट्यापाशी उभा असतो, नजर गॅसवर. "एवढी पात कोणाच्या लग्नाला?" सासरे विचारतात. परवा मांजर त्यांच्या पायात आली. तिचं नाव त्यांनीच ठेवलेलं. बराच वेळ तिच्याकडे बघून ते अदबीने म्हणाले, "अहो, जरा सरकता का?"

मी हसलो. मग चिरायची पात संपली तरी सुरी चालवत राहिलो.

बायकोला खरं सांगायचं आणि त्यांना पुन्हा तपासणीला न्यायचं, एवढं माझ्याकडून अजून व्हायचं आहे.