क्यूची खंडेनवमी

चहा ओता, सांगतो. पण हसायचं ते शेवटी. टूलरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाने हत्याराच्या बाबतीत इतका गाढवपणा करावा, हे माझ्या बायकोला, कुसुमला, अजून पटत नाही. की पटतं? जाऊ द्या.

सातपूरला नवे कारखाने उभे राहत होते, तेव्हाची गोष्ट. आमच्या कारखान्याच्या क्लबात बिलियर्ड्सचं टेबल होतं आणि मला त्याचं वेड लागलं. खरं सांगू? खेळापेक्षा क्यूचं. क्यू म्हणजे चेंडू मारायची ती लांब काठी. चेंडू तीनच, दोघांचा एकेक पांढरा आणि एक लाल.

क्लबातली एक जुनी क्यू घेतली आणि तिच्यामागे हात धुऊन लागलो. बुडात शिसं भरलं, म्हणजे फटका वजनानेच सरळ जावा. पुढची बाजू लेथवर बारीक केली, म्हणजे चेंडूला फिरकी देता यावी. टोकाला कातड्याची चकती असते, तिला टिप म्हणतात. ती कडक असली की चेंडू टणकन उडतो. मऊ असली की क्षणभर धरून ठेवल्यासारखा वाटतो आणि हवा तिकडे वळतो. पंचवटीतल्या चपलावाल्याकडून मी इतके तुकडे आणले की तो म्हणाला, "भाऊ, किती पायांची चप्पल करताय?"

पण क्यू काय जमली होती म्हणून सांगू! मी फायनलला पोचलो. जिंकेल तो कंपनीतर्फे पुण्याला खेळायला जाणार, तोही सपत्नीक. कुसुमची धाकटी बहीण पुण्यात, नुकतीच बाळंत झालेली. माझी रजा काही जमत नव्हती, त्यामुळे भाच्याचं तोंड बघायचं राहिलं होतं. हिने दुपटं शिवून बॅगेत भरलंसुद्धा.

फायनल नेमकी खंडेनवमीच्या संध्याकाळी. सकाळी घरी पाटावर विळी, कात्री आणि माझे पाने मांडले होते. त्यात मी क्यूही ठेवली. आमच्या टूलरूमची रीत अशी, की हत्याराचं जिथं काम होतं तिथं आधी तेलाचा हात द्यायचा आणि वर हळदकुंकू लावायचं.

कुसुम क्यूच्या मुठीला तेलाचं बोट लावायला गेली.

"अगं, तिथं काय? टोकाला लाव. सगळा खेळ टोकाचा असतो."

"कातडं ना ते? तेल पिईल की."

"हत्यारातलं मला शिकवू नकोस."

आणि मी स्वतःच्या हाताने टिपेला खोबरेल पाजलं. वर हळदकुंकवाचं भरघोस बोट.

संध्याकाळी क्लब गच्च भरलेला. समोर स्टोअर्समधला अन्सारी, मूळचा मालेगावचा, शांत माणूस. मी पहिला फटका मारला. क्यू चेंडूवरून सटकली आणि चेंडू आपल्या मर्जीने फिरायला गेला.

"टिप जरा मऊ पडली," मी जमलेल्यांना समजावलं.

दुसरा फटका, तोच प्रकार. "शिसं मागे सरकलं वाटतं." मग सवयीने टिपेवर खडू घासला. खडू लावतात तो टिप कोरडी राहून चेंडू धरावा म्हणून. इथे त्याचा चांगला लेप तयार झाला.

थोड्या वेळाने अन्सारी थांबला. "निकमभाऊ, तुमचा पांढरा चेंडू लाल व्हायला लागला ना. मी कोणत्या लालला मारू?"

पंच होते अकाउंट्सचे पगारेसाहेब. त्यांनी चेंडू उचलून बघितला. "निकम, हात कापला का?"

"छे! तुमचा लाल चेंडू रंग सोडतोय," मी ठणकावलं.

लाल चेंडू तीन-चार रुमालांनी पुसून झाला. एकही डाग पडला नाही. मी चेंडू बदलायला लावले, तर दोन फटक्यांत नवा पांढराही रंगला. मी मागे हटतो काय? "मग अन्सारीची क्यू तपासा!"

अन्सारीने आपली क्यू पुढे केली. कोरडी ठणठणीत. मग पगारेसाहेबांनी माझी घेतली, टिपेवर बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

"खोबरेल? हिला न्हाऊ घातलंत की काय?"

"पूजा केली," मी म्हणालो.

क्लब हसून हसून वाकला. एकटा अन्सारी हसला नाही. "पुसून घ्या भाऊ, मी थांबतो," म्हणाला. पुसली, पण कातड्याने प्यायलेलं तेल थोडंच निघतं? हरलो. घरी आलो तर बॅग दाराशी तयार होती. त्या बॅगेकडे बघवेना हो.

पुण्याला अन्सारी गेला. नवी टिप लावून माझीच क्यू घेऊन गेला आणि जिंकून आला. जाताना कुसुमने त्याच्याकडे दुपटंही दिलं. म्हणजे आमच्या भाच्याला आमच्याआधी अन्सारीने बघितलं.

पुढच्या खंडेनवमीला मी पुन्हा क्यू पाटावर ठेवायला गेलो. कुसुमने ती उचलून कोपऱ्यात उभी केली आणि पाटावर मलाच बसवलं.

"काठीत काही खोट नव्हती, अन्सारीभाईंनी जिंकून दाखवलं," ती तेलाची वाटी पुढे ओढत म्हणाली. "जिथं काम व्हायला हवं तिथं तेल लावायचं ना? डोकं करा पुढे."