भिंतीकडे तोंड करून

अंकलकडे सायलेन्सर घ्यायचा तर आधी भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागे. हाटकेश भागातल्या त्यांच्या गाळ्यातली ती एकुलती एक शिस्त; बाकी सगळा पसारा. आपण कॅलेंडरकडे बघत राहायचं आणि मागे अंकल आपल्याच मोटरसायकलला तीन सायलेन्सर एकामागून एक लावून ती सुरू करणार. आवडला त्याचा नंबर सांगायचा, मगच वळायचं. "डोळ्याने घेतलास तर चकाकी घेशील," ते म्हणत. डोंगरीहून रोज बसने येणाऱ्या या साठीच्या माणसाला स्वतःची मोटरसायकल नव्हती.

बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या बिल्डिंगमधून मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अर्थातच सगळ्यात मोठा आवाज निवडला. बिल्डिंगला कळायला नको का! "मोठा आवाज म्हंजे ताकद न्हाय," अंकल म्हणाले. "पाइप एवढा मोकळा केलास तर चढाला गाडी दम टाकील. जा, बघ चालवून." फ्लायओव्हरवर माझी गाडी गरजत राहिली आणि एक भरलेली रिक्षा शांतपणे पुढे निघून गेली. मी मुकाट्याने परत येऊन दोन नंबरचा बसवून घेतला. तेव्हापासून रविवारी त्यांच्याकडे जाऊन बसायची सवयच लागली.

असाच गेल्या वर्षीचा एक रविवार. अंकलनी एक गाडी "फिट हाय" म्हणून सोडली, पण इंजिनाजवळच्या जोडातून बारीक चिकचिक येत होती. धूर गळत होता. मी सांगितलं. त्यांनी वाकून कान लावला, पुन्हा लावला, आणि नट आवळला.

गिऱ्हाईक गेल्यावर ते स्वतःच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "तुझ्या गाडीचा जोड ढिला कर नायतर आवळ. कसा हाय ते मी सांगतो."

मी ढिला केला, गाडी सुरू केली.

"आवळलेला."

"बरोबर," मी म्हणालो.

ते वळले. नट ढिला होता, तो डोळ्यांना दिसत होता. "खोटं कशाला बोलतोस? माझं पोट हाय यावर, खरं. पण त्या गाडीवर माणूस बसतो." मला त्यांची दया आली होती, म्हणून बोललो होतो. त्याची अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नवीन काम घेतलं नाही. वर्षभरातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना फोन करून परत बोलावलं, कारणही लपवलं नाही. "माझा कान गेलाय, गाडी दाखवून जा." कुणी हसले, कुणी ओरडले, पण बहुतेक आले. मी ऐकायचो, ते नट आवळायचे. चार रविवार आमचं हेच चाललं. सात गाड्या गळक्या निघाल्या.

शेवटची गाडी आली तेव्हा सगळा पसारा विकून गाळा रिकामा झाला होता. गाडी सुरू केली. मी नीट ऐकलं. आवाज अगदी साफ होता.

"बरोबर हाय?" अंकलनी विचारलं.

"बरोबर," मी म्हणालो. या वेळी ते खरं होतं.

अंकलनी मान डोलावली. मग खाली बसून, कुठे धुराची फुंकर लागते का म्हणून त्या तापलेल्या जोडाभोवती त्यांनी तळहात फिरवून पाहिला.