‘विटाळ नाही’ एवढंच आम्ही ऐकलं

मी लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मुलगा, एवढीच माझी ओळख. ज्या गोष्टीबद्दल घरातल्या बायकाही आवाज खाली करून बोलतात, तिच्याबद्दल एका मुलाने वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहावं, हे अनेकांना आवडणार नाही. त्यांची माफी मागतो. पण अंबू आत्याला जाऊन पाच आठवडे झाले, आणि गप्प राहून मी तिचं एकदा नुकसान केलेलं आहे...

आत्या अप्पांची थोरली बहीण. तंजावरला लहान वयातच विधवा झाली आणि मद्रासला आमच्या मैलापूरच्या घरी आली. स्वयंपाकघर तिचं. महिन्याचे तीन दिवस मात्र ती मागच्या अंगणातल्या विहिरीजवळच्या खोलीत बसायची आणि मी लांबूनच तिचं ताट सरकवायचो. पन्नाशीला तिची पाळी थांबली, तेव्हा आईला मनापासून बरं वाटलं. आता श्राद्धाचा स्वयंपाक अडणार नव्हता. दोन वर्षं तशी गेली. मग एका सकाळी आत्या आपणहून मागच्या खोलीत जाऊन बसली.

“पन्नाशी उलटली आणि वन्सं पुन्हा लहान झाल्या की!” आई विहिरीवरून म्हणाली.

“मग मला परकर शिवून दे,” आतून उत्तर आलं.

सगळे हसले. मीही हसलो. चौथ्या दिवशी न्हाऊन ती घरात आली, आठवड्याने पुन्हा बाहेर बसली, आणि पुढे तर ते थांबेचना. आजोबांचं श्राद्ध जवळ आलं होतं. आत्याने स्वयंपाक करावा की नाही, हे विचारायला अप्पांनी शास्त्रीबुवांना घरी आणलं. सगळं ऐकून ते म्हणाले, “ही पाळी नव्हे. हे रोगाचं रक्त. त्याचा विटाळ नाही. रोज स्नान करून स्वयंपाक करू द्या.” घरावरचं ओझंच उतरलं. श्राद्धाच्या दिवशी सगळे वडे आत्यानेच तळले. रोग हा शब्द आमच्या सोप्यात चौघांच्या देखत उच्चारला गेला होता. कोणता रोग, हे एकानेही विचारलं नाही.

विचारलं ते आत्यानेच, मला, तांदूळ निवडताना.

“किट्टू, तुझ्या त्या जाड पुस्तकांत बायकांचं काही असतं का रे?”

“असतं.”

“मग बघून सांग. मला आपलं... ठीक वाटत नाही.”

लायब्ररीतून मी शरीरशास्त्राचं इंग्रजी पुस्तक आणलं. त्यात स्पष्ट होतं: पाळी वर्षभर बंद राहून नंतर रक्त दिसलं, तर ते थोडं असलं तरी गर्भाशयाच्या कर्करोगाची शंका धरून लगेच डॉक्टरला दाखवावं. पुस्तक उघडून मी तिच्यासमोर बसलो आणि माझे कान तापले. ते शब्द मराठीत मी कधी तोंडातून काढले नव्हते. “या वयात पाळी मागेपुढे होते, असं लिहिलंय,” मी म्हणालो. तेही लिहिलेलं होतं, पण जिची अजून थांबलेली नाही तिच्याबद्दल.

“कुठे लिहिलंय?” म्हणत तिने पानावर बोट ठेवलं. इंग्रजी तिला येत नव्हतं. “बरं झालं बाबा. शिकलेलं माणूस घरात हवं.”

त्यानंतर तिने पुन्हा विचारलं नाही. ती पांढरी पडत गेली. चुलीपुढे कंबर धरून बसायची. अखेर मी अप्पांना सांगितलं, तोवर सात महिने उलटले होते. डॉक्टरीणबाईंनी तपासून एवढंच विचारलं, “इतके दिवस काय करत होतात?” अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर माझ्याकडे होतं. मी तेव्हाही बोललो नाही.

पुस्तक अजून माझ्याकडेच आहे, परत करवत नाही. त्या पानावर तिच्या बोटाचा हळदीचा डाग आहे...

ती गेली त्या दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या दारात शेजारचे सुब्बू मामा घामाघूम होऊन उभे होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, “अंबू आत्या गेली रे. तू लगेच नीघ. आणि येताना शास्त्रींकडून ये, असं तुझी आई म्हणाली. रक्त शेवटपर्यंत थांबलं नव्हतं... तिला आंघोळ कशी घालायची, ते विचारून ये.”