सरांच्या आजाराचं कारण

सरांची आणि माझी ओळख झाली ती माझ्या बोलण्यामुळं. मुंबईच्या ऑफिसात मी नुकतीच रुजू झाले होते. दुपारी आईचा फोन आला आणि मी खिडकीशी उभी राहून हळू आवाजात तिच्याशी बोलत होते. "व्हय, जेवले. न्हाई गं, लय काम न्हाई अजून." फोन ठेवला तसा मागून आवाज आला, "कुठली गं पोरी तू? सांगलीकडची?"

वळून बघते तर आमच्या विभागाचे प्रमुख. मी गोंधळून म्हणाले, "माधवनगर, सर."

"मग गावचीच की! आमी वाईच्या खालच्या अंगाला. कृष्णेचं पाणी आदी आमाला, मग तुमाला."

एवढं बोलून ते मीटिंगला गेले आणि तिथं अगदी पुस्तकी मराठीत, मग इंग्रजीत बोलायला लागले. पुढं कित्येक वर्षं हे असंच चाललं. दोघंच असलो की गावाकडची भाषा, तिसरा माणूस आला की दुसरी.

आमचं काम घरच्यांना समजावून सांगणं अवघड होतं. अणुवीज केंद्रं आम्ही चालवत नव्हतो. जे चालवतात त्यांनी सुरक्षेचे नियम पाळलेत का, हे तपासणाऱ्यांत आम्ही. त्यातही आमच्याकडं हवा होती. केंद्राच्या आत हवा कुठून कुठं वाहते, ती उंच चिमणीतून बाहेर सोडण्याआधी कुठल्या फिल्टरांतून जाते, उद्या काही बिघडलं तर हेच फिल्टर किरणोत्सारी धूळ आणि वायू अडवतील का, याचा आढावा घ्यायचा. आईला मी सांगितलं, "हवा गाळतात तिथं, ती नीट गाळतात का ते बघायचं." माझे वडील माधवनगरच्या सूतगिरणीत होते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांवरसुद्धा कापूस असायचा, आणि खोकला तर गिरणी बंद पडल्यावरही गेला नाही. आई म्हणाली, "गिरणीत असलं बघणारं कोण न्हवतं बग."

सरांबरोबर मी पहिल्यांदा एका केंद्रावर गेले तो दिवस मला नीट आठवतो. तिथल्या लोकांनी आमची तयारी जोरात केली होती. रस्त्याकडेच्या दगडांना चुना लावलेला. आतला लांब बोळ नुकताच रंगवलेला, भिंती नुसत्या चकाकत होत्या. सर चालता चालता थांबले. नाकानं दोन-तीनदा हवा ओढली.

"रंग कधी दिला?"

"या आठवड्यातच, सर," बरोबरचा इंजिनिअर कौतुकानं म्हणाला.

"तेव्हा या भागातली हवा कोळशाच्या फिल्टरांतून जात होती?"

तो गडबडला. आयोडीनसारखे वायू अडवायला नारळाच्या करवंटीपासून केलेला कोळसा वापरतात. या कोळशाला आवडनिवड नसते. रंगातल्या तेलाची वाफ आली की तो तीही पिऊन घेतो, आणि मग जे अडवायचं त्याच्यासाठी त्याच्यात जागा उरत नाही. आम्हाला खूश करायला दिलेल्या रंगानं त्यांचा कोळसा खराब झाला असण्याची शक्यता होती. कागदोपत्री सगळं उत्तम होतं, कारण चाचणी रंगाच्या आधीची होती.

सर कुणावर ओरडले नाहीत. जेवताना त्या इंजिनिअरला शेजारी बसवून घेतलं, घरची चौकशी केली. पण नवी चाचणी होईपर्यंत अहवालावर सही केली नाही. केंद्राच्या वरिष्ठांचे फोन आले, आमच्याच ऑफिसातल्या काहींनी "एवढ्यासाठी कशाला अडवता" म्हणून पाहिलं. सरांचं उत्तर एकच असायचं, "पुरावा आला की करतो. पुराव्याशिवाय मला बरोबरही म्हणता येत नाही आणि चूकही." नव्या चाचणीत कोळशाची क्षमता कमी भरली. कोळसा बदलला, रंगकामाचे नियम बदलले, आणि मगच सही झाली.

निवृत्तीनंतर सर गावी गेले. ऊस धाकटा भाऊ बघत होता. तो फौजेतून सुभेदार होऊन परतलेला, मोठ्या मिशांचा, मोठ्या आवाजाचा माणूस. दोघा भावांची घरं एकाच अंगणात. मी माहेरी निघाले की वाटेत साताऱ्याला उतरून वाईची एसटी धरायची आणि एक मुक्काम सरांकडं करायची, असं ठरूनच गेलं होतं. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, कधी वांग्याचं भरीत करायच्या, कधी नुसती पिठलं-भाकरी, आणि सर अंगणात खुर्ची टाकून केंद्रांची खबरबात विचारायचे.

अशाच एका मुक्कामात मी त्यांचा खोकला ऐकला. कोरडा, छोटा. माझ्या वडिलांचा होता तसा नाही. सर म्हणाले, "हवा बदलली म्हणून." पण विहिरीपासून घरापर्यंतच्या चढाला ते दोनदा थांबले, आणि दोन्ही वेळा मला काहीतरी दाखवायचं निमित्त केलं.

त्यांचा मुलगा पुण्यात असतो. त्यानं त्यांना मिरजेला मोठ्या डॉक्टरांकडं आणलं तेव्हा मी माधवनगरला होते, म्हणून मीही गेले. डॉक्टरांनी फोटो दिव्यावर लावले. फुप्फुसं आतून कडक होत चालली होती, वापरून वापरून टणक झालेल्या स्पंजासारखी. मग प्रश्न सुरू झाले. बिडी-सिगारेट? नाही. घरात कबुतरं? नाही. धान्याच्या, भुशाच्या धुळीत काम? लहानपणी शेतात, सगळ्यांइतकंच. चुलीचा धूर? तोही सगळ्यांइतकाच. "आणि नोकरी कुठं होती?"

सरांनी सांगितलं. डॉक्टरांचं पेन थांबलं. सर म्हणाले, "केंद्रावर जाताना आम्ही किरणं मोजणारा बॅज लावतो. माझ्या सगळ्या नोंदी मागवून देतो. तुम्ही बघा आणि मग ठरवा."

नोंदी आल्या. सर तपासणीला जायचे तेवढ्यापुरतेच आत असत. त्यात बोट ठेवावं असं काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "या आजारात बऱ्याचदा कारण सापडतच नाही. आणि सापडलं असतं तरी उपचार फारसे वेगळे नसते. आपण वेग कमी करायचा प्रयत्न करू." बरं होण्याबद्दल ते काही बोलले नाहीत. जाताना सरांनी त्यांच्याशी हात मिळवला. मुलगा तोपर्यंत बाहेर जाऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिला होता.

गावाला मात्र कारण लगेच सापडलं. "अणूचं काम करत हुते, दुसरं काय हुणार?" कुणी वाईट मनानं म्हणत नव्हतं. पण पुढच्या खेपेला गेले तेव्हा काकू चुलीपुढं बसून हळूच म्हणाल्या, "शेजारीण रोज ताक न्यायची गं माझ्याकडनं. आता येत न्हाई. म्या परवा स्वतः घिऊन गेले, तर म्हंती, ठेवा तितं. तांब्याला हात लावला न्हाई तिनं." त्यांनी डोळे पुसले नाहीत, फक्त जाळ सारखा करत राहिल्या. "आगं, लागट हाय का ह्यांचं? तू तर तितलीच हायस. सांग मला."

"नाही काकू. अजिबात नाही. सर कुणाला काही देऊ शकत नाहीत, आणि त्यांना तिथनं काही आलंय असंही दिसत नाही."

"मग आलं कुठनं?"



मुलानं तोच प्रश्न जास्त सरळ विचारला. ऑक्सिजनचं मशिन घरी आणलं त्या दिवशीची गोष्ट. ते जोडून झालं, नळी सरांच्या नाकाला लावली, आणि आम्ही दोघं गोठ्याच्या बाजूला येऊन उभे राहिलो. तो म्हणाला, "ताई, तुम्ही बाबांबरोबर इतकी वर्षं काम केलंत. इथं कुणी नाही. एकदा खरं सांगा. त्या कामानंच झालं ना?"

"नोंदी तूही बघितल्यास. त्यातून तसं निघत नाही."

"नोंदीत नसेल. पण तुम्हाला मनातून काय वाटतं?"

मी विचार केला. त्याला हवं ते बोलले असते तर त्याला रडायला, चिडायला एक जागा मिळाली असती. आणि 'कामामुळं नक्कीच नाही' असं छातीठोक म्हणाले असते तर ऑफिसची बाजू घेतल्यासारखं झालं असतं, आणि तेही मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, "मला माहीत नाही रे. डॉक्टरांनाही नाही. तसा पुरावा नाही, एवढंच मला म्हणता येतं."

तो हसला, पण ते हसू बघवत नव्हतं. "शेवटी तुम्हीपण ऑफिसचीच भाषा बोललात," म्हणाला आणि घरात गेला. त्या दिवसानंतर तो माझ्याशी बोलेनासा झाला. मी आले की गाडी घेऊन वाईला काहीतरी आणायला जायचा.

सरांच्या लक्षात आलं होतं. मशिन आणल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकू नदीवर गेल्यावर त्यांनी मला खुर्ची जवळ ओढायला सांगितलं. आता एका वाक्यात दोनदा श्वास घ्यावा लागत होता.

"काय इचारलं त्यानं?"

मी सांगितलं.

"आन तू काय म्हनलीस?"

तेही सांगितलं. मला वाटलं, बरोबर बोललीस म्हणतील. ते म्हणाले, "त्याला कारण पायजे. मलाबी पायजे हाय गं. जलमभर दुसऱ्याला इचारत आलो, हे असं का झालं, दावा. आता माझंच मला दावता येत न्हाई." मग थांबून, श्वास जमवून, "कामानं झालं असतं, तर बरं झालं असतं बग. काय चुकलं ते लिवलं असतं. दुरुस्त करा म्हनलं असतं. पुढच्याला तरी उपेग. हे नुसतंच जायचं, कशासाठी ते न कळता..."

इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मी त्यांचा हात धरून बसले. हात गार होता, नखं निळसर.

उसाचा हंगाम सुरू झाला तसा नवा त्रास उभा राहिला. तोड झाली की शेतात वाळलेल्या पानांचा, पाचटाचा, थर उरतो आणि बहुतेक जण तो पेटवून देतात. आमच्याकडं कुणाला त्यात वावगं वाटत नाही. हिवाळ्यात सगळ्या नदीकाठावर तो धूर दिसतो. सरांना मात्र लांबच्या शेतातला धूरही सोसेना. पहिल्या दिवशी धाप इतकी वाढली की काकूंनी दारं-खिडक्या लावून फटींत ओली लुगडी कोंबली. सुभेदारांनी स्वतःच्या शेतातलं पाचट पेटवायचं रद्द केलं आणि सरीत दाबून टाकलं. पण वारा काय फक्त त्यांच्याच शेतावरून येणार होता?

मी तेव्हा तिथंच होते. सुभेदार मला म्हणाले, "चला तुमी माझ्यासंगं. शिकलेलं मानूस बरं असतं." पण मला बोलायची वेळच आली नाही. हा एरवी बांधावरून कुणाशीही भांडणारा माणूस प्रत्येक दारात टोपी काढून उभा राहिला. "आमच्या दादाला धाप लागतिया. येवढा हंगाम पाचट पेटवू नका. मागनं मी येऊन कुजवायला मदत करतो. पाया पडतो."

काही जण लगेच हो म्हणाले, काहींनी बघतो म्हटलं. ताक बंद करणाऱ्या शेजारणीच्या दारात आम्ही शेवटी गेलो. नवरा काही बोलायच्या आत तीच बाहेर आली. "न्हाई पेटवनार. सांगा जावा भावजींना." आणि खाली बघत मला म्हणाली, "लय तरास हुतो का वं त्यांना?" संध्याकाळी ती काकूंकडं येऊन बसली. ताकाबद्दल दोघीही काही बोलल्या नाहीत.

त्या हंगामात आमच्या बाजूच्या शेतांत धूर झाला नाही. पलीकडच्या काठावर व्हायचा, पण तेवढा लांब.

सर होळीच्या आधी गेले. सकाळची वेळ होती. काकू चहा गाळत होत्या. मुलगा जवळ होता, त्यानं नळी नीट केली, उशी उचलली, सुभेदारांना हाक मारली, तेवढ्यात संपलं. मी पोचले तेव्हा घाटावर न्यायची तयारी झाली होती. मुलानं माझ्याकडं बघितलं नाही. तेराव्यापर्यंत, आणि त्यानंतरही, आमच्या बाजूच्या एकाही शेतकऱ्यानं पाचट पेटवलं नाही. आता अडवणारं कुणी नव्हतं आणि उसाची पुढची लागण खोळंबली होती, तरी नाही. सुभेदार बोलल्याप्रमाणं प्रत्येकाच्या शेतात जाऊन राबले.

वर्षश्राद्धाला मी गेले. पंगत उठल्यावर मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, "मी अजून शोधतोय ताई. इंटरनेटवर वाचतो, पुण्यातल्या डॉक्टरांना विचारतो. तुमच्यावर राग नाही आता. पण मला सुटत नाही ते."

"मलाही नाही सुटत," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. काकूंनी आतून हाक मारली, तुमी दोघं जेवायचं ऱ्हायलाय, पानं घेतल्यात. आम्ही उठलो आणि शेजारी शेजारी बसून जेवलो. काकू वाढत होत्या, आणि सवयीनं त्यांनी एक पान जास्त मांडलं होतं. ते त्यांच्या लक्षात आलं, पण त्यांनी ते उचललं नाही. आमचं जेवण होईपर्यंत ते तसंच राहिलं.