वाफेच्या मशीनचे बुडबुडे

बायको गेली तेव्हा तिची लुगडी, चपला, चष्मा, सगळं देऊन टाकलं. दम्यासाठी आणलेलं वाफेचं मशीन तेवढं राहिलं. कुणी मागितलं न्हाई, मीही कुणाला दाखवलं न्हाई. फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवलं होतं.

पोरगी डिप्लोमा शिकलेली. घरीच शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरात बसवायच्या सर्किटच्या पाट्या करते. पाटीवर तांब्याचा पातळ पापुद्रा असतो. त्यावर ती काळ्या शाईनं रेघा काढते आणि उभ्या डब्यातल्या तपकिरी औषधात पाटी बुडवते. शाईखालचं तांबं राहतं, उघडं तांबं औषध खातं. पण डबा सारखा हलवावा लागतो, न्हाईतर एकीकडं खातं, एकीकडं तसंच. हात भरून येतात तिचे.

एकदा म्हणाली, "अप्पा, आईचं मशीन घेऊ का? त्यातली हवा तळातून सोडली की बुडबुडेच औषध हलवतेत."

"माणसाला पुरली न्हाई ती हवा. औषधाला कामून पुरल?"

ती मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. मन्नाएखेळ्ळीच्या बाजारात माशाच्या पेटीचा पंप मिळतोय का बघते."

"घे," म्हणालो मी. का म्हणालो, अजून कळत न्हाई.

तिनं सलाईनच्या नळीचं टोक जाळून बंद केलं, सुईनं भोकं पाडली, नळी डब्याच्या तळाशी बसवली. मशीन वरच्या फळीवर ठेवलं. "खाली ठेवलं तर औषध उलटं मशीनात चढतंय." मास्क काढला आणि विचारलं, "टाकू?" मी तो घेऊन खिशात घातला.

बटण दाबलं. तीच घरघर. डब्यात बुडबुडे उठले. "जरा लक्ष ठेवा, भाकरी थापून येते," म्हणून ती आत गेली.

मी ओसरीत बसलो. पुढं काय झालं ते मलाच नीट सांगता येत न्हाई. बायकोला वाफ देताना मी असाच शेजारी बसायचो. औषध संपलं की आवाज बदलायचा. मी बंद करायचो, "झालं बघ" म्हणायचो, चूळ भरायला तांब्या द्यायचो.

पोरगी बाहेर आली तेव्हा मशीन बंद होतं आणि मी डब्यापुढं तांब्या धरून उभा.

"अप्पा, बंद कुणी केलं?"

"झालं की."

"काय झालं? अर्धं तांबं तसंच हाय. आन् पाणी कामून आणलाव?"

"चूळ भरायला."

ती हसायला गेली, पण हसू तसंच राहिलं तोंडावर. तिनं फळीवरच्या मशीनवर हात ठेवला. "परत कोनाड्यात ठेवू का?"

"न्हाई. लाव." मग मी विचारलं, "पण ह्याचं संपलेलं कळायचं कसं?"

"ह्यात संपत न्हाई, अप्पा. रेघांच्या मधलं तांबं दिसायचं थांबलं की तुमीच बंद करायचं. तांब्या असू द्या, पाटी धुवायला पाणी लागतंयच."

तिनं परत बटण दाबलं. तांब्या पायापाशी ठेवून मी पाटीकडं बघत बसलो. कान मात्र आवाज बदलायची वाट बघत होते.