वैलावरचं पातेलं

चुलीच्या वैलावर एक लहानसं जर्मनचं पातेलं, त्यावर उपडी घातलेली पितळेची ताटली, आणि मांजराने ती सरकवू नये म्हणून तिच्यावर उभा ठेवलेला लोखंडी बत्ता... रविवारची संध्याकाळ म्हटली की आजही माझ्या डोळ्यांपुढे सर्वांत आधी येतं ते हे पातेलं. मोठ्या चुलीतला जाळ केव्हाच विझलेला असायचा, राखेखाली चार निखारे तेवढे जागे असायचे, आणि त्यांची ऊब बाजूच्या लहान तोंडाच्या वैलात झिरपत जाऊन पातेल्यातला भात दिवेलागणीपर्यंत कोमट राहायचा. असं काय होतं त्या पातेल्यात? मूठभर भात आणि त्यावर ओतलेली पळीभर अळणी. दुपारी मी त्याच्या चौपट जेवलेली असायची. तरी त्या पातेल्याचा मला जेवढा मत्सर वाटला, तेवढा पुढे कुणाच्या पाटल्या-बांगड्यांचा किंवा बंगल्याचाही वाटला नाही. कारण ते पातेलं माझं नव्हतं. ते शालनचं होतं.

कोल्हापूर संस्थान विलीन होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. राजारामपुरीत आम्ही राहायचो त्या गल्लीत घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त होते. गुडघाभर गवतात म्हशी चरायच्या आणि एखादा टांगा वळला तरी सगळी गल्ली खिडकीत यायची. आबा हायस्कुलात भूगोल शिकवायचे. आठवडाभर घरात आमटी-भाकरीचं साधं जेवण, पण रविवार म्हणजे मटण... त्यात खंड पडला तर आबांना तो रविवार वाटायचाच नाही. सकाळी ते स्वतः पिशवी घेऊन जात, आणि आई हळद, मीठ, आलं-लसूण लावून मटण शिजत ठेवी. त्याच्या पहिल्या उकळीचा तो पिवळसर, तिखट न घातलेला रस म्हणजे अळणी. ती आम्हा मुलांना वाटीतून आधीच मिळायची. मग भाजलेल्या खोबऱ्याचा, तिळाचा, खसखशीचा वास. मग पाट्यावर वरवंट्याची लांबलचक घरघर. आणि शेवटी तांबड्या रश्श्यावर आलेला तो लालभडक कट, ज्याच्या नुसत्या वाफेनं नाकाडोळ्यांतून पाणी यायचं. ऊन पार कलतं व्हायचं तेव्हा पानं मांडली जायची. आई शेवटी जेवायची, आणि तिचं जेवण उरकेपर्यंत आबा जाजमावर आडवे होऊन घोरायलाही लागायचे.

पण त्याआधी, आमचे हात अजून वाळायचे असतानाच, आई पातेल्याच्या तळाशी पळी खरवडत तो प्रश्न विचारायची.

"सांजच्याला कोण कोण जेवणार हाय? आत्ताच बोला. मागनं भूक लागली म्हणून आलासा तर चूल पेटायची न्हाय."

हा आमच्या घरचा रिवाज होता. ज्यानं त्यानं भरल्या पोटी उत्तर द्यायचं आणि त्याला बांधील राहायचं. आबा ढेकर देत म्हणायचे, "मला नको. पोटालाबी आठवड्याची सुट्टी नको व्हय?" मग आई माझ्याकडे बघायची. "सुमे, तू?" मी गळ्यापर्यंत जेवलेली, जीभ अजून हुळहुळत असलेली. त्या क्षणी मला पुन्हा कधी भूक लागेल ही कल्पनाच हास्यास्पद वाटायची. मी म्हणायची, "नको." आणि संध्याकाळी, समोरच्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला की पोटात कावळे ओरडायला लागायचे! दर रविवारी तीच चूक. भरलेलं पोट किती बेफिकीर असतं, हे मला कळायचं, पण पुढच्या दुपारी पुन्हा आठवायचं नाही.

आता शालनबद्दल सांगायला हवं. ती माझ्या मावशीची मुलगी. मावशी शाहूवाडीकडे दिली होती. ती तापाने गेली, आणि तिचा नवरा शालनला आमच्याकडे घेऊन आला. सोबत एक भाताचं पोतं, एक पत्र्याची पेटी, आणि दोन वेण्या घातलेली ही गप्प मुलगी. माझ्याहून वर्षाने मोठी. आईनं तिला माझ्या शेजारी झोपवलं, माझ्याच शाळेत घातलं, एकाच ताग्यातून दोघींचे झगे शिवले. हे सगळं मी सोसलं. खरंच सांगते, मी काही दुष्ट मुलगी नव्हते. पण तिच्या चांगुलपणाचा मला राग यायचा. आई दुसऱ्यांदा वाढायला आली की मी ताट पुढे सरकवायची, आणि शालन ताटावर हात आडवा धरायची. "बास मावशी. पोट भरलं." मटणाच्या दिवशीसुद्धा! मला वाटायचं, ढोंग आहे सगळं, शहाणी म्हणवून घ्यायला करते.

आणि त्या शालनला आई संध्याकाळचं कधी विचारायचीच नाही. प्रश्न आबांना, मग मला, की संपला. शालन तोवर ताटं उचलून परसात गेलेली असायची. सुरुवातीला मला याचा आनंदच झाला – चला, ही बया मोजणीत नाही. मग एका रविवारी तिन्हीसांजेला पाणी प्यायला म्हणून मी स्वयंपाकघरात गेले, आणि उंबऱ्यातच थबकले. आईनं बत्ता बाजूला केला, पदराच्या टोकानं ताटली उचलली, आणि हाताची पालथी बाजू पातेल्याच्या पोटाला लावून बघितली... तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी. मग हलक्या आवाजात म्हणाली, "खा गं." चुलीपुढे मांडी घालून शालन खाली मान घालून जेवायला लागली, आणि आई तिच्या शेजारी बसून राहिली.

तो पालथा हात मला लागला. आज इतक्या वर्षांनी शब्द सापडतो: मी जळले. मला जेवण विचारून मिळत होतं, तिला न विचारता. माझ्या भुकेला दुपारीच जबानी द्यावी लागे, आणि तिची भूक आईनं आपण होऊन ओळखलेली, झाकून ठेवलेली, उबेत राखलेली होती.

मग मी डाव टाकला. पुढच्या रविवारी आईनं विचारल्याबरोबर मी म्हणाले, "मी जेवणार."

"जेवणार? आत्ता तर ढेकर दिलीस की!"

"तरीबी जेवणार."

एरवी रविवारची संध्याकाळ ही आईची आठवड्यातली एकमेव रिकामी वेळ असायची. पुढच्या पायरीवर ती नुसती बसायची, हात मांडीत मोकळे सोडून, आणि मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून गल्लीतली माणसं बघायची. शालन जरा पलीकडे, खांबाला टेकून. त्या दिवशी मात्र आई पायरीवरून उठली, राख सारली, फुंकणीनं जाळ केला, माझ्यासाठी ताजा भात टाकला, पापडसुद्धा भाजला. वाफाळणारं भरलं ताट माझ्यापुढे आलं आणि मला चार घासांवर घास जाईना. दुपारचं मटण अजून छातीवर बसलेलं. आबा दारातून म्हणाले, "काय सुमाबाई, सुट्टीच्या दिवशी कामाला लावलंत व्हय पोटाला?" आणि पलीकडे शालन तिचा तो मूठभर भात शेवटच्या शितापर्यंत पुसून खात होती. मला तिच्याहून जास्त मिळालं होतं, ताजं मिळालं होतं, आणि तरी वैलावरचं ते पातेलं तिचंच राहिलं होतं. डोळ्यांतलं पाणी पापडाच्या धुरानं आलंय असं मी दाखवलं.

त्यानंतरच्या रविवारी मी सरळ तोंडच उघडलं. आईनं "सुमे, तू?" म्हटलं, आणि मी ओरडले, "मला विचारू नको! तिला विचारत न्हाईस, मग मलाबी विचारू नको!"

आईच्या हातातली पळी थांबली. तिनं परसाकडे बघितलं. तिथे शालन राखेनं ताटं घासत होती, आणि घासण्याचा आवाज अचानक बंद झाला होता. आई खालच्या आवाजात म्हणाली, "तिला इचारायचं नसतं."

"का?"

"नसतं म्हणून सांगितलं न्हवं? तू माझी हायस. तुला इचारल्याबिगर मी सोडणार न्हाय. बोल, जेवणार का न्हाय?"

"न्हाय!" मी म्हणाले, आणि पाय आपटत निघून गेले. त्या संध्याकाळी मला कडकडून भूक लागली आणि मी हट्टानं उपाशी झोपले. आईच्या त्या वाक्याचा मी लावलेला अर्थ असा, की तिची असणं म्हणजेच काहीतरी कमी मिळणं. बरीच वर्षं हा अर्थ मी मनाशी धरून बसले. मोठी झाले, लग्न होऊन सांगलीला गेले, आई थकली आणि गेलीही... तिला पुन्हा कधी विचारलं नाही.

शालनला हातकणंगल्याला दिली होती. स्टेशनपासून जवळ घर, मागे ऊस, गोठ्यात म्हशी. आई गेल्यानंतर एकदा रविवारी मी तिच्याकडे गेले होते. तिच्या हाताला आईचीच चव आहे, हे पहिल्या वाटीतच कळलं, आणि तिथेही मी जळले. माझा रस्सा कधी तसा होत नाही. आई मला शिकवू पाहायची तेव्हा मी पायरीवर लोळत असायची, आणि शालन पाट्यापाशी असायची, दुसरं काय! जेवणं झाली. हात वाळायच्या आधीच शालननं पातेल्याच्या तळाशी पळी फिरवत आवाज टाकला, "सांजच्याला कोण कोण जेवणार हाय? आत्ताच बोला!"

तोच प्रश्न, तेच शब्द. तिच्या मुलानं नको म्हणून हात हलवला. माहेरपणाला आलेली तिची लेक मंगल म्हणाली, "मला नको गं आई, लई जड झालंय." "मागनं रडत येऊ नको म्हंजे झालं," शालन तिच्यावर खेकसली. आणि तिची नजर माझ्यावरून तशीच पुढे गेली. मला तिनं विचारलं नाही.

तिन्हीसांजेला तिनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. गॅसच्या शेगडीवर, जाळ बंद केलेल्या बाजूला, स्टीलचं लहान पातेलं होतं. त्यावर ताटली. तिनं हाताची पालथी बाजू पातेल्याला लावून बघितली आणि माझ्यापुढे भात-अळणी ठेवली. "खा."

"मला विचारलं नाहीस," मी म्हणाले.

"तुला काय इचारायचं? तू न्हाईच म्हणणार. पावणी माणसं कधी व्हय म्हणत्यात?" ती माझ्याजवळ बसली. मग, परसाकडे बघत, अगदी सहज बोलावं तसं म्हणाली, "मावशीनं मला कवा इचारलं न्हाई बघ. इचारलं असतं तर माझ्या तोंडातनं न्हाईच आलं असतं, आणि मी उपाशी झोपले असते. तिला ठावं हुतं ते. पण सुमे, परसात भांडी घासताना माझा कान आतच असायचा. वाटायचं, आज तरी हाक मारंल... शालन, तू जेवणार का गं? म्हणून. तुझ्यावर कशी वरडायची! मला वाटायचं, एकदा माझ्यावरबी वरडावं की."

जन्मभर ज्या पातेल्याचा हेवा केला ते माझ्यापुढे होतं, बेताचं कोमट, बेताचं खारट, न मागता आलेलं. मी एकेक घास खात होते, आणि माझं लक्ष बाहेर होतं. बाहेरच्या खोलीत मंगलला भूक लागली होती आणि ती डबे उघडत होती, आणि शालन इथूनच तिच्यावर ओरडली, "दुपारी काय म्हणालतीस? आता बस तशीच!" मंगल हसली. त्या हसण्याचा मला पातेल्याहूनही जास्त हेवा वाटला.

आता मी सांगलीत एकटीच असते. रविवारी खानावळीचा डबा येतो, त्यात मटणाची वाटी असते, आणि या वयात दुपारचं एवढं जेवण झालं की संध्याकाळी काही खावं की नाही, हा प्रश्न खरोखरच पडतो. डॉक्टर म्हणतात, हलकं काहीतरी घ्या. शेजारीण म्हणते, मुळीच घेऊ नका. मी हात धुते, डबा विसळते, ओटा पुसते... आणि हात वाळायच्या आधी, घरात कुणी विचारलेलं नसताना, मोठ्यानं म्हणते, "नको."