शेवंताबाईंचं मोहाचं झाड

चहा घ्या, आणि हसायचं ते आत्ताच हसून घ्या. कारण हा गाढवपणा अस्सल माझा आहे!

आयुष्यात एकदा तरी वाघ बघायचा, म्हणून मी आणि बायको जंगलाला लागून असलेल्या मोहर्लीजवळ गेलो. तिथल्या देवरावभाऊंनी आपलं मधे अंगण असलेलं जुनं कौलारू घर नीटनेटकं करून पाहुण्यांसाठी उघडलंय, तिथेच उतरलो. अंगणात मोहफुलं वाळत घातलेली. घरभर तो गोड, जड वास! सफारी मुक्कामाच्या दुसऱ्या पहाटेची.

पहिल्याच पहाटे मला जाग आली. मागच्या दाराबाहेर मोठं मोहाचं झाड. टप... टप... फुलं पडत होती. फिकट उजेड, पायाखाली ती गार, मऊ फुलं. काय सांगू, मी स्वप्नात असल्यासारखा खाली बसलो आणि वेचतच सुटलो. ऑफिस, साहेब, सगळं विसरलो हो! दाराशी ठेवलेली टोपली भरली, की अंगणातल्या फुलांत ओतायची. देवरावभाऊ किती खूश होतील!

तेवढ्यात मागून आवाज आला. "ओ भाऊ! माह्या झाडाचा मोह काऊन येचून राह्यले जी?"

शेजारच्या शेवंताबाई. कमरेवर रिकामी टोपली.

मी हसून म्हटलं, "बाई, पडलेली फुलंच तर आहेत!"

झालं! तिथे एकेक झाड एकेका घराचं. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. हे मला कोण सांगणार?

बाई तडक अंगणात. "देवराव, पाहुण्याले चोरी कराले धाडतं काय?"

"नाई वो बाई! मले काईच ठाऊक नाई!" देवरावभाऊंचा चेहरा उतरला. फुलं तर मिसळलेली, वेगळी कशी करणार? दोन शेजाऱ्यांचं बोलणं माझ्यापायी तुटणार! मला खरंच फार लाज वाटली.

"बाई, उद्याचा तुमचा सगळा मोह मी वेचून देतो," मी बोलून गेलो.

"मंग पहाटेच या."

"पहाटे? पहाटे तर आमची सफारी..."

"वाघ का कुठी पळून जाते? मोह राह्यला तं ढोरं खाते!"

दुसऱ्या पहाटे बायको एकटीच सफारीला गेली. मी झाडाखाली, डोक्याला टॉवेल गुंडाळून, एका हाताने कंबर धरून. इतक्यात पर्यटकांनी भरलेली तिची जिप्सी रस्त्याने आली, आणि मला बघून थांबली की हो! पटापट फोटो निघाले. मी आशेने हात हलवला.

"अहो, तो तुम्हालाच हात करतोय!" जिप्सीत तिच्या बाजूला बसलेल्या काकू बायकोला म्हणाल्या.

बायकोने गॉगल सावरला. "छे हो! इथले लोक फार प्रेमळ, सगळ्यांनाच हात करतात."